एमए मराठीतून ऐतिहासिक भाषाविज्ञानाचा पेपर काढून टाकायला निघालेत, काय लिहून पाठवू?

सागवान_यवतमाळ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, यंदा सातवं वर्ष. आमच्याकडं एमए मराठीचा अभ्यासक्रम बदलायचं चालू आहे, नव्या शैक्षणिक धोरणामुळं क्रेडिटची सगळी जुळवाजुळव सुरू झाली, आणि परवा जो कच्चा मसुदा हाती आला त्यात ऐतिहासिक भाषाविज्ञानाचा, म्हणजे भाषा कशी बदलत आली आणि कोणती भाषा कोणाची नातलग याचा, ४ क्रेडिटचा पेपरच नाही. भाषाकुलं आणि मराठीची उत्पत्ती एवढे दोन तुकडे उचलून दुसऱ्या एका पेपरच्या शेवटच्या युनिटमध्ये टाकलेत, आणि शेवटचं युनिट परीक्षा तोंडावर आल्यावर दोन तासात कसं उरकलं जातं ते इथं शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. मोकळ्या झालेल्या जागेत जाहिरातलेखन, मुद्रितशोधन, ब्लॉगलेखन. त्याला माझा विरोध नाही, पोरांच्या हाताला काम मिळत असेल तर शिकवलंच पाहिजे. पण त्यासाठी हाच पेपर का जावा?

मला एवढं का लागलं ते सांगते. मागच्या वर्षी वर्गात कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक मुलगी होती. तिनं विचारलं, मॅडम, आमची कोलामी म्हणजे बिघडलेली मराठीच ना? शाळेपासून तिला तेच ऐकवलेलं. मी म्हटलं, घराला काय म्हणतेस? एल्ला. पाण्याला? ईर. डोळ्याला? कन. मी फळ्यावर शेजारी तेलुगूचे इल्लु, नीरु, कन्नु लिहिले, तर मागच्या बाकावरचा गोंडी बोलणारा पोरगा आपणहून उठला आणि म्हणाला आमच्यात पाण्याला येर म्हणतात आणि डोळ्याला कनच. ती पोरगी कितीतरी वेळ फळ्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आजीला विचारून रोज दहा-बारा शब्द वहीत लिहून आणायला लागली, कोणी सांगितलं नव्हतं. सात वर्षांत मी शिकवलेल्या दुसऱ्या कुठल्याच पेपरनं असं काही केलेलं मला आठवत नाही.

सूचना पाठवायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. या पेपरची जागा काय असावी, सक्तीचा की ऐच्छिक, बीएपासून की फक्त एमएला, आणि अभ्यास मंडळाला पटेल असं काय लिहू? नुसतं 'वारसा' वगैरे लिहून काही होत नाही हे मी बघितलंय. आणि तुम्ही कोणी शिकवत असाल तर कसं शिकवता तेही सांगा, कारण ग्रिमचा नियम (युरोपातल्या भाषांतली व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा) आला की माझा अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

नेटसेट_दिग्रस

मॅडम राग मानू नका, मी विद्यार्थ्याच्या बाजूनं लिहितो. मी हाच पेपर दिलाय, दुसऱ्या कॉलेजातून. वर्षभरात एकही उदाहरण वर्गात फोडून दाखवलं नाही, भाषाकुल म्हणजे काय, इंडो-युरोपीय कुलाच्या शाखा लिहा, ध्वनिपरिवर्तनाची कारणं लिहा, गाईडमधून पाठ करायचं आणि टाकून यायचं. जोन्स साहेबानं १७८६ ला कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातल्या नात्याबद्दल भाषण दिलं हे मला आजही पाठ आहे, पण ते नातं ओळखायचं कसं हे कोणी शिकवलंच नाही. असा पेपर गेला तर कोणी रडणार नाही हे खरं आहे.

आता नेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करतो तेव्हा भाषाविज्ञानाचं युनिट येतंच, आणि तिथं अडतो, कारण पाया नाही. म्हणून तुमच्या पत्रात हे नक्की लिहा, की नेट-सेटला जो विषय विचारतात तो एमएमधून कमी केला तर ग्रामीण भागातली पोरं अजून मागं पडतील, पुण्या-मुंबईच्या पोरांना क्लास मिळतात, आम्हाला कॉलेजात जे शिकवलं तेवढंच. मंडळाला हा मुद्दा लवकर कळेल असं वाटतं. पण शिकवायची पद्धत तीच राहणार असेल तर ऐच्छिक करा, मनापासून सांगतो.

जुना_फळा

वाशीमकडून लिहितोय. ३१ वर्षं हाच विषय शिकवला, आता शेती बघतो, त्यामुळं वेळ आहे, सविस्तर लिहितो.

आधी दिग्रसच्या दादाला. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. हा विषय व्याख्यांनी मारला. त्याला एक इतिहासही आहे. आपल्याकडं या विद्येची सुरुवात दमदार होती, कलकत्ता विद्यापीठात १९०७ साली तौलनिक भाषाशास्त्राचा विभाग निघाला, आणि आधुनिक भारतीय आर्य भाषांपैकी ज्या भाषेचा पहिला भरभक्कम ऐतिहासिक अभ्यास झाला ती आपली मराठी, झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ १९२० चा, बंगालीवरचा सुनीतिकुमार चटर्जींचा १९२६ चा. पुढं १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजात उन्हाळी शाळा भरल्या, अमेरिकेकडून वर्णनात्मक भाषाविज्ञान आलं, भाषा आज कशी आहे त्याचं वर्णन करा, काल काय होती ते बाजूला ठेवा. ते शास्त्र चांगलंच होतं, हवंच होतं, पण मराठी विभागांच्या वाट्याला दोन्हीकडच्या फक्त व्याख्या आल्या. प्राकृत येणारे शिक्षक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, मग प्राकृताशिवाय मराठीचा इतिहास शिकवायचा तर उरतं काय? तक्ते उरतात.

मॅडम, ग्रिम पहिल्या दिवशी काढूच नका. सुरुवात पोरांच्या तोंडापासून करा. मी पहिल्या तासाला फक्त एवढं लिहायचो: काळा, डोळा, शाळा, पोळा, आभाळ, गूळ. आणि विचारायचो, घरी काय म्हणता? काया, डोया, शाया, पोया, आभाय, गूय. पोरं हसायची, एकमेकांकडं बघायची, की सर आपल्याला गावंढळ ठरवतायत का. मग दुसरी रांग लिहायचो: काल, मोल, तेल, बैल. याचं घरी काय होतं? कायच होत नाही, काल तो कालच. 'तेल' ला 'तेय' कोणी म्हणत नाही, साता जन्मात नाही. मग मी म्हणायचो, बघा, तुमच्या आजीनं शाळेचं तोंड बघितलं नसेल पण कोणत्या शब्दात य करायचा आणि कोणत्यात नाही यात ती एकदाही चुकत नाही. चुकणारी माणसं अशी नियमानं चुकतात का?

इथून मागं जायचं. हे ळ आणि ल आले कुठून? संस्कृतात फल, काल, दोन्हीत एकटा ल, दोन स्वरांच्या मधला, मराठीत त्याचा ळ झाला, फळ, काळ. पण 'कल्य' मध्ये जोडाक्षर, प्राकृतात कल्ल, मराठीत काल म्हणजे येस्टर्डे वाला काल. 'मूल्य', मोल्ल, मोल. म्हणजे एकट्या ल चा ळ, जोडल्या ल चा ल. न चं पण तेच: पानीय पासून पाणी, कारण न एकटा. पण कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. आणि मग आपल्या वऱ्हाडीनं अजून एक पाऊल टाकलं, ळ चा य, ण चा न, पानी. तेव्हा 'पानी' म्हणजे 'पाणी' चुकलेलं नव्हे, ती त्याच रस्त्यावरची पुढची पायरी आहे. एका तासात संस्कृत, प्राकृत, प्रमाण मराठी आणि पोराच्या घरची बोली, चारही एका ओळीत उभ्या राहतात आणि कोणाला काही पाठ करावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या तासाला जोडाक्षरं. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. जोड सुटली की आधीचा स्वर लांबला. आता आपल्याकडं हंगामात पंजाबातून हार्वेस्टर येतात ना, त्या ड्रायव्हरला विचारा सात कसं म्हणतो. सत्त. आज? अज्ज. काम? कम्म. पोरं खरंच धुऱ्यावर जाऊन विचारून यायची. प्राकृतातली पायरी जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्यावर जो चेहरा होतो तो मी आजही विसरलो नाही.

आणि बोली फक्त पुढंच जाते असंही नाही. 'म्या केलं' म्हणतो आपण. तो म्या जुना आहे, जुन्या मराठीत 'मियां' आहे, मागं संस्कृतात 'मया', म्हणजे 'माझ्याकडून'. प्रमाण मराठीनं तो टाकून दिला, 'मी केलं' वर भागवलं, कर्ता आणि करण एकाच 'मी' त कोंबले. वऱ्हाडी म्हातारीनं राखला. आता शुद्ध कोण?

हे सगळं झाल्यावर ग्रिम आणा, मग तो आपला वाटतो, आपल्याच ळ आणि य सारखा एक नियम, फक्त युरोपातल्या भाषांचा.

सक्ती की ऐच्छिक? एमएला सक्तीचाच, ४ क्रेडिट. बीएला दुसऱ्या वर्षी २ क्रेडिटचा छोटा, बोलीतून सुरुवात करणारा. प्राकृताची थोडी ओळख त्यातच.

वखरपाळी

सरजी, तुमचं वाचून डोयात पानी आलं राजेहो. मी काही प्रोफेसर नाई, बीए मराठी केलं अन् घरची आठ एकर पायतो. माह्या बापाले शायेत 'पानी' म्हनलं म्हून उभं ठेवलं होतं, मले बी ठेवलं. आता माही पोरगी कॉलेजात जाते, थे घरी आली की आमच्याशी येगळं बोलते अन् फोनवर मैत्रिनीशी येगळं, अन् आजी बोलली की तिले लाज वाटते. तेल अन् मोलाची गोष्ट तिले रात्री वाचून दाखवली. तिनं सोता चार शब्द काढून पाह्यले, मंग म्हने बाबा हे तं खरंच बसते. आजीले जाऊन सांगतलं तिनं.

अजून एक इचारतो. आम्ही तिफन म्हनतो, ते ति म्हंजे तीन अन् फन म्हंजे तिचे दात, एवढं मले समजते, दोन दाताची असली तं दुफन. मंग नांगर कुठून आला? अन् खरीप, रब्बी? हे शब्द पोरायले शिकवले पाह्यजेत, शेतात रोजचे हायेत ना.

जुना_फळा

भाऊ, तिफनीचं बरोबर. नांगर म्हणजे संस्कृत 'लाङ्गल', ऋग्वेदात सापडतो इतका जुना, पण बरेच अभ्यासक मानतात की तो संस्कृतातही बाहेरून आला, इथल्या आधीच्या शेती करणाऱ्या लोकांच्या भाषेतून. खरीप, रब्बी दोन्ही अरबी, खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत, फारसीच्या वाटेनं महसुली कारभारातून आपल्या शेतात पोचले. तुमच्या आठ एकरात तीनेक हजार वर्षांच्या ये-जा करणाऱ्या लोकांचे शब्द पेरलेले आहेत.

झाडीपट्टी_भंडारा

सरांच्या यादीत आमचीही भर घ्या. वऱ्हाडात डोया, आमच्या झाडीत डोरा. काळा तो कारा. म्हणजे त्याच ळ चा तिकडं य आणि इकडं र. वर्धा नदीच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी य संपून र सुरू होतो, कोणत्या गावात ते पोरांना बसस्टँडवर उभं राहून शोधायला लावा, एमएचा प्रकल्प तयार. याला ना लायब्ररी लागते ना अनुदान. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून नकाशे आणि रेकॉर्डिंग नेटवर ठेवलेत, ते आधी ऐकवा.

धारणी_गुरुजी

मी मेळघाटात जि. प. शाळेवर. वर्गात कोरकू पोरं. सागवान मॅडमनी कोलामीचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही.

पहिली-दुसरीच्या पोरांना मराठीत आकडे शिकवताना ते आपल्या आपल्यात बारी, अपई, उफुन मोजत असायचे, दोन, तीन, चार. बरीच वर्षं मी ते थांबवत होतो, त्याचं आज वाईट वाटतं. मग एकदा प्रशिक्षणात कळलं की झारखंडच्या संथाळीत हेच बार, पे, पोन आहेत. मोजणी तीच, मध्ये हजारेक किलोमीटर. आणि पुढं जाऊन व्हिएतनामीत तीनला बा, चारला बोन. मुंडा भाषा, ऑस्ट्रोआशियाई कुल. कोरकू ही त्या कुलाची अगदी पश्चिमेची भाषा, आणि ती आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे. हे डीएडला सांगितलं नाही, बीएला सांगितलं नाही, एमए मराठी मी बाहेरून केलं तिथं 'ऑस्ट्रिक कुल' अशी एक ओळ होती, कोरकूचं नावसुद्धा नव्हतं.

आता विदर्भाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. वऱ्हाडी, झाडी आर्य. गोंडी, कोलामी द्राविड. कोरकू मुंडा. आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडं निहाली, जिचं कोणाशीच नातं लागत नाही, कोरकूतून कितीतरी शब्द उसने घेतले तरी तिचा गाभा वेगळाच, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, कोलामीवर एमेनो यांचं १९५५ चं. परदेशी माणसांनी आपल्या पोडावरच्या, ढाण्यावरच्या (कोरकू वस्तीवरच्या) भाषांवर पुस्तकं लिहिली आणि आपल्याच विद्यापीठातला एमए झालेला पोरगा शेजारच्या गावच्या भाषेला बिघडलेली मराठी म्हणतो, आणि तोच उद्या तिथं शिक्षक म्हणून जातो. मॅडम, पत्रात हे लिहा. मराठी शिकलेली बहुतेक पोरं शेवटी शिक्षकच होतात, आणि विदर्भात शिक्षक म्हणजे त्याच्यासमोर कोरकू, गोंडी, कोलामी पोर बसणार आहे. हा पेपर त्या शिक्षकासाठी आहे, भाषातज्ज्ञासाठी नंतर.

रेकॉर्डर_गडचिरोली

सगळ्यांशी सहमत आहे पण एका गोष्टीवर भांडतो. मी गावोगाव फिरून बोलींची रेकॉर्डिंग करतो, म्हणून माझं मत, आधी वर्णन, मग इतिहास. ज्याला आज कानावर पडलेला ध्वनी नीट लिहिता येत नाही तो त्याचा हजार वर्षांचा इतिहास काय सांगणार. मी असे प्रबंध पाहिलेत जिथं गोंडी शब्द नागरीत अंदाजानं लिहिलेत, स्वर लांब की आखूड ते ठरवलेलंच नाही, आणि त्यावरून थेट संस्कृत व्युत्पत्ती. म्हणून ४ क्रेडिट मिळाले तर निम्मे ध्वनिलेखन आणि क्षेत्रकार्याला द्या. म्हातारी माणसं जातायत, ब्लॉकचा ग्रंथ पुढच्या वर्षी पण शिकवता येईल.

दुसरं. ऐतिहासिक भाषाविज्ञान अर्धवट शिकवलं तर न शिकवलेलं परवडलं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे, पण त्यानंतर व्हॉट्सॲपवर व्युत्पत्तींचा पूर आलाय, कोणी जगातल्या सगळ्या भाषा मराठीतून काढतो, कोणी गोंडीतून, कोणी संस्कृतातून, आणि आधार एकच, शब्द सारखे दिसतात. पोरांना पहिल्यांदा हे शिकवा की सारखं दिसणं म्हणजे नातं नव्हे. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, योगायोग. उलट आपलं 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील', एक अक्षर जुळत नाही, पण दोन्ही एकाच मूळ शब्दाचे नातू, इकडं चक्र, चक्क, चाक असा आला आणि तिकडं आपल्या नियमानं बदलत गेला. नातं ठरतं ते नियमानं होणाऱ्या जुळणीवर. कोलामी-तेलुगूचे तीन शब्द फळ्यावर छान वाटतात, पण तिथं थांबू नका, पन्नास शब्द घ्या, त्यातले उसने वेगळे काढा, मग बोला. कोलामीत तेलुगूतून आलेले उसने शब्द भरपूर आहेत, ते वेगळे काढता येणं हीच खरी परीक्षा.

जुना_फळा

गडचिरोलीच्या दादांचं निम्म्या क्रेडिटचं म्हणणं मला पटतं, माझ्या वेळी मी ते केलं नाही, करायला हवं होतं. पण 'ब्लॉक पुढच्या वर्षी' हे पटत नाही. कशासाठी रेकॉर्ड करतोय हे माहीत असलेला माणूस वेगळे प्रश्न विचारतो. म्हातारी 'म्या' म्हणते हे टिपायला 'म्या' चं मोल माहीत असावं लागतं, नाहीतर तो 'मी' च ऐकतो आणि 'मी' च लिहितो. दोन्ही एकाच वर्षी, एकाच वर्गात.

ग्रिअर्सनच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ चा, मराठीवरचा, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत, उधळ्या मुलाची गोष्ट वेगवेगळ्या बोलीत सांगितलेली. नेटवर फुकट सापडतो. तीच गोष्ट आज गावातल्या म्हाताऱ्याकडून सांगवून घ्या, रेकॉर्ड करा, ओळीशेजारी ओळ ठेवा. वर्णन पण झालं आणि १२० वर्षांचा इतिहास पण.

नेटसेट_दिग्रस

असं शिकवत असाल तर माझं ऐच्छिकचं म्हणणं मागं घेतो. सर, तुमच्या ळ वाल्या यादीवर मी काल रात्री घरी बसून ४३ शब्द काढले, एकच अडला, 'बाळ'. आमच्या घरी 'बाय' होत नाही, बाळच राहतो. काहून?

जुना_फळा

शाब्बास. आता विचारा की तुमच्या घरी रोजच्या बोलण्यात बाळ म्हणतात की बारका, लहानगा, पोट्टं म्हणतात. जो शब्द पुस्तकातून, पाळण्याच्या गाण्यातून किंवा दवाखान्यातून परत आला तो नियमाच्या बाहेर राहतो. नियम मोडलेला दिसला की तिथं उसनवारीचा वास घ्यायचा. आजीला विचारून इथं लिहा.

सागवान_यवतमाळ

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

पत्र लिहायला घेतलंय. तीन मागण्या ठेवतेय. एमएला ४ क्रेडिट सक्तीचे, त्यात निम्मं ध्वनिलेखन आणि क्षेत्रकार्य, विदर्भातल्या भाषांवरच. बीएला २ क्रेडिटचा 'आपली बोली, आपला इतिहास' अशा धर्तीचा, तो भारतीय ज्ञान परंपरेच्या क्रेडिटमध्येही बसू शकतो असं आमचे विभागप्रमुख म्हणतात. आणि मुद्रितशोधन राहू दे, ते ऐच्छिक गटात घ्या. कारणांमध्ये धारणीच्या गुरुजींचा शिक्षकांचा मुद्दा सगळ्यात वर, नेट-सेट त्याच्याखाली. रिद्धपूरला आपल्याच भागात मराठी भाषा विद्यापीठ आलंय, ज्या मातीत लीळाचरित्र लिहिलं गेलं तिथल्या आजूबाजूच्या कॉलेजातून जुनी मराठी वाचता येणारी पोरं तयार व्हायला नकोत का, हेही लिहिलंय.

त्या कोलाम मुलीला विचारलं, तिच्या वहीत आता ६०० च्या वर शब्द झालेत. गडचिरोलीचे दादा, तुम्ही म्हणता तसे उसने वेगळे काढायचे तर एक दिवस ऑनलाइन तिच्याशी बोलाल का? ध्वनिलेखन तिला कोणीच शिकवलेलं नाही आणि मलाही ते पक्कं येत नाही, आम्ही दोघी सोबतच बसू. रविवारी तिच्या पोडावर रेंज नसते, शनिवारी बाजाराला ती तालुक्याला येते तेव्हा जमेल.

रेकॉर्डर_गडचिरोली

शनिवारी ११ नंतर मोकळा आहे. तिला वही आणायला सांगा आणि जमलं तर आजीला पण घेऊन यायला सांगा.